टाचणीबाय

ती तोंडात टाचण्या धरून बोलत असे. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात पितळी टाचण्यांचा जुडगा आणि डाव्या कोपऱ्यातून शब्द. रागावली तरी तिचा आवाज चढत नसे. चढवणं शक्यच नव्हतं, टाचणी घशात गेली असती. ती फक्त जुडग्यातली एक टाचणी काढायची आणि ज्या बोटाने चूक केली असेल त्या बोटाच्या शेंड्याला टोचायची, रक्ताचा थेंब दिसेपर्यंत. मग म्हणायची, "आता हे बोट बाजूला ठेव. लेसला डाग पडेल." आणि उरलेल्या बोटांनी काम चालू ठेवावं लागे.

तिचं खरं नाव ब्रिजिता. तोंडावर आम्ही तिला 'बाय' म्हणायचो, पाठीमागे टाचणीबाय. ठाण्याच्या तलावाजवळ आमच्या देवळामागे कौलारू खोली होती, तिथे ती आम्हा पोरींना लेस शिकवायची. आम्ही किरिस्तांव लोक चर्चलाही देऊळच म्हणतो, त्यामुळे वाचणाऱ्याने गोंधळू नये. पोरी माजिवड्याच्या, खोपटच्या, राबोडीच्या. बापांची शेतं नाहीतर मिठागरं. मुंबईहून आलेल्या पाद्रीबाबांना वाटलं, पोरींच्या हाताला काही कला असावी, देवळातल्या वेदीच्या कापडांना किनारी मिळाव्यात, म्हणून त्यांनी हिला मुंबईच्या मठातून बोलावून घेतलं. ती एका पेटीनिशी आली. पेटीत कपडे थोडे आणि लाकडी दांड्या पुष्कळ होत्या.

ही लेस सुईने होत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. एक घट्ट उशी लागते. तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला जाड कागद लावायचा. सुताचा प्रत्येक धागा एकेका बारीक लाकडी दांडीला गुंडाळलेला असतो आणि त्या दांड्या उशीवरून पुढ्यात लोंबत असतात. आम्ही त्यांना टिपऱ्या म्हणायचो, कारण हलल्या की तसाच आवाज व्हायचा. चार टिपऱ्या घ्यायच्या, म्हणजे दोन जोड्या. मधल्या दोघींची अदलाबदल केली की तो फेर. प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून टाकली की तो पीळ. कागदावर भोक आलं की टाचणी खोचायची आणि पुढे जायचं. फेर आणि पीळ यापलीकडे त्यात काहीही नाही, आणि तेवढ्यावर माझं सगळं पोरवय गेलं.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, लगेच टिपऱ्या हातात मिळतील. बायने पेंढा आणून टाकला आणि उशा भरायला सांगितलं. भरायचा, लाकडाने ठोकायचा, पुन्हा भरायचा. अंगठा दाबला तर खळगा पडता कामा नये, कारण सैल उशीत टाचणी कलते आणि टाचणी कलली की नक्षी वाकडी होते. माझी उशी तिने दाबून पाहिली, कात्रीने शिवण उसवली आणि सगळा पेंढा जमिनीवर ओतला. मी रडायला लागले. "रड," ती म्हणाली, "पण पेंढ्यावर नको. ओला पेंढा कुजतो." अशी ती उशी मी कितीदा भरली ते आठवत नाही. शेवटी तिच्यावर डोकं आपटलं असतं तर कपाळ फुटलं असतं.

टिपऱ्या कल्याणचा एक कातारी शिसवीच्या कातून द्यायचा. त्यांच्या बुडाला वजन हवं, म्हणून आम्ही आपापल्या आयांच्या तुटलेल्या माळांचे काचमणी ओवायचो. टाचण्या मात्र पितळेच्याच. आमच्या खाडीच्या हवेत लोखंड आठवड्यात गंजतं आणि गंजाचा डाग लेसमधून जन्मात जात नाही. सूत निळ्या कागदात बांधून विलायतेहून यायचं, जवसाचं, इतकं बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसायचं नाही. उन्हाळ्यात ते कोरडं पडून तुटायचं. पावसाळ्यात ओल धरून मऊ व्हायचं, म्हणून पावसाळा लागला की बाय आम्हाला सकाळी लवकर बोलवायची आणि उजेड असेतो सोडायची नाही. सगळं ठाणे शेतात वाकलेलं असायचं आणि आम्ही उशांवर.

तिचं एक वाक्य होतं. "पहिल्यांदा चुकतं ते सूत. दुसऱ्यांदा चुकतेस ती तू." पहिली चूक ती स्वतः दाखवायची, टोचायची आणि सोडवायला लावायची. तीच चूक पुन्हा दिसली की बोलत नसे. कात्री घ्यायची आणि सगळे धागे एका फटक्यात कापायची. टिपऱ्या खडखडत जमिनीवर पडायच्या. महिन्याचं काम असो की आठवड्याचं. राबोडीच्या एका पोरीला तर ते दृश्य बघून भोवळ आली. बायने तिच्यावर पाणी शिंपडलं आणि शुद्धीवर आल्यावर विचारलं, "टिपऱ्या कोण वेचणार?"

हसण्यासारखं काही नव्हतंच असं नाही. बाय बेडकांना घाबरायची. एका पावसात दारातून एक गलेलठ्ठ बेडूक उडी मारून आत आला आणि नेमका तिच्या उशीवर बसला. ती बाकावर चढली, साडी गुडघ्यापर्यंत वर, तोंडात टाचण्या तशाच, आणि "काढा, काढा" असं दातांतून पुटपुटत राहिली. आम्ही लोळायच्या बाकी होतो. बेडूक गेला, ती खाली उतरली, साडी नीट केली आणि हसलेल्या प्रत्येकीला त्या दिवशीचं काम सोडवायला लावलं. म्हणजे सगळ्यांनाच.

आमच्या हातांवर तिचा हक्क होता असं ती धरून चालायची. पोरींनी भांडी घासायची नाहीत, दळायचं नाही, चिखलात हात घालायचे नाहीत. खरखरीत बोटाला सूत अडकतं. आमच्या घरांत हे कसं चालावं? एका आषाढात लावणीला माणसं कमी पडली आणि माझ्या आयने मला माजिवड्याच्या शेतात नेलं. दुपारी बघते तर बांधावरून काळी छत्री येतेय. बाय अनवाणी चिखलातून आली होती.

"आंजेलीन, बाहेर ये."

आय कमरेत सरळ झाली. "बाय, आज लावणी हाय. पोर सांच्याला येल."

"हात चिखलात बुडवून झाल्यावर येऊन काय करणार? सुताला चिखल लावणार?"

"आन् खायाचं काय आमी? तुजी ती लेसची जाली?"

बायने माझी वेणी धरली आणि मला बांधाकडे ओढलं. आयने माझा हात धरला. मी दोघींच्या मध्ये, गुडघाभर चिखलात. शेजारच्या शेतातल्या बाया हातातली रोपं तशीच धरून बघत होत्या. तेव्हा बाय शांतपणे म्हणाली, "तुझ्यासारखी करायची असेल तर ठेव हिला. आपले हात बघ आधी."

आयने खरंच हात बघितले. दोन्ही, उलटसुलट. मग तिने माझा हात सोडला. त्या दिवसापासून पाहुण्यांना वाढून झालं की ती हात पदराखाली घ्यायला लागली. ही सवय तिला मरेपर्यंत राहिली. बायला मी कितीही मानलं तरी हे मी विसरलेले नाही.

आणि मी तिला मानत होते, हेही खरं. एकदा माझ्या किनारीचा कोपरा वळत होता. कोपरा वळवणं सगळ्यांत अवघड, तिथे जोड्या वाढतात आणि धागे एकमेकांवर चढतात. बाय मागे उभी राहून बघत होती आणि माझ्या मानेवर घाम आला होता. कोपरा वळला. तिने तोंडातली एक टाचणी काढली. मी बोट पुढे केलं. तिने बोट बाजूला सारलं आणि ती टाचणी माझ्या उशीवर पुढच्या भोकात स्वतःच्या हाताने खोचून निघून गेली. त्या रविवारी प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं. मला पाद्रीबाबांनी स्वर्ग देऊ केला असता तरी मी तो दुसऱ्या कुणाला दिला असता.

तिच्याबद्दल आम्हाला फार थोडं ठाऊक होतं. जे कळलं ते एका दुपारी, कुणीतरी विचारलं म्हणून. दुष्काळात घाटावरून कुणीतरी तिला उचलून मुंबईला आणलं आणि मठाच्या दारात ठेवलं. मठातल्या बेल्जियमच्या एका म्हाताऱ्या सिस्टरने तिला लेस शिकवली. "मला सिस्टर व्हायचं होतं," टिपऱ्या हलवता हलवता ती म्हणाली. "मोठ्या सिस्टरना जाऊन विचारलं. त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, ब्रिजिता, देवाला तुझे हात पुरेत." मग तिने विचारणाऱ्या पोरीकडे पाहिलं. "तुझा पीळ उलटा पडलाय."

आता फिलूबद्दल. फिलूचा बाप शहाडच्या रेल्वे पुलावर रखवालदार होता आणि ती खोपटला मावशीकडे राहायची. आमच्याहून वयाने थोडी लहान, बोलायला कमी. पण टिपऱ्या हातात घेतल्या की तिच्याकडे बघत बसावंसं वाटे. आम्ही धागे मोजायचो. ती मोजायची नाही. बायची नजर तिच्यावर पहिल्याच महिन्यात पडली आणि तिथून फिलूचे हाल सुरू झाले. आम्हाला एक टाचणी तर तिला तीन. आमचं काम दुसऱ्या चुकीला कापलं जायचं, तिचं पहिल्याच चुकीला.

फिलूच्या तळव्यांना घाम यायचा. घामाच्या हाताने सूत पिवळं पडतं. बायने तुरटीचं पाणी उकळवलं आणि सोसेल तितकं गरम असताना तिचे हात त्यात धरले. रोज सकाळी. फिलूच्या बोटांची कातडी तडकली, सांध्यांतून रक्त यायला लागलं. मग बायने त्यावर मेण चोळून वर मऊ चिंधी बांधली आणि बोटांचे शेंडे तेवढे मोकळे ठेवले. मी एकदा फिलूला विचारलं, "तू घरी का नाय जात? बापाला सांग." ती म्हणाली, "घरी गेली तं हे कोण शिकवल?"

खोताच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही शिकायला लागून बरीच वर्षं झाली होती. खोत म्हणजे आमच्यातलं सगळ्यांत मोठं घर, बरीच शेतं त्यांचीच. त्यांची मुलगी गावात पहिल्यांदा लुगडं सोडून विलायती झगा घालून लग्नाला उभी राहणार होती, आणि झग्यावर डोक्यापासून पायापर्यंत लेसची ओढणी हवी होती. खोतीणबाई स्वतः देवळामागच्या खोलीत येऊन सांगून गेल्या.

तोवर बायने आम्हाला मठातून आणलेल्याच नक्षी दिल्या होत्या: विलायती गुलाब, नेच्याची पानं, आम्ही कधी न पाहिलेली फळं. या ओढणीसाठी तिने त्यातली एकही काढली नाही. कितीतरी दिवस ती एकटी कागद घेऊन बसली. रेघा मारायची, पुसायची. मग एका सकाळी तिने तो कागद भिंतीला लावला. भाताच्या लोंब्या होत्या. ओढणीच्या सगळ्या काठाने, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या, दाण्यांनी भरलेल्या. आम्ही जन्मल्यापासून त्या बघत आलो होतो आणि आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. "चांगलं आहे का?" तिने विचारलं. तिने आम्हाला असं काही विचारलेलं ते एकदाच. आम्ही भीतीने आपापल्या उशांकडे बघितलं. फिलू म्हणाली, "लोंबी जड दिसाया पायजे बाय. दाण्यात पीळ वाढवू." बायने तिच्याकडे बघून मान हलवली.

दोन पावसाळे त्या ओढणीत गेले. साधी जाळी आम्ही केली, लोंब्या सगळ्या फिलूने. तिची तडकलेली बोटं एका वेळी शंभरावर टिपऱ्यांत फिरायची आणि खोलीत सरीसारखा आवाज भरून राहायचा. काम संपलं तेव्हा बायने ओढणी जमिनीवर धुतलेल्या चादरीवर पसरली, गुडघ्यांवर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली आणि घडी घातली. फिलूला टाचणी लागली नाही.

लग्नाला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. बायने इस्त्रीची साडी नेसली होती. त्या दिवशी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या आणि तिचं तोंड आम्ही पहिल्यांदा पुरतं बघितलं. लहान, पोरीसारखं होतं. उजव्या कोपऱ्याला टाचण्यांनी पडलेला एक खोलगट वण. देवळात ती पुढे बसली, मान ताठ. नवरी आत आली तेव्हा तिच्या डोक्यावर मुंबईहून आणलेली यंत्राची लेस होती. आम्हाला दारापासूनच कळलं. यंत्राचा धागा सगळीकडे सारखा असतो, जसा मेणाच्या फळाचा रंग. बायची मान तशीच ताठ राहिली. मला वाटलं, आमची ओढणी जेवणाच्या वेळी घेणार असतील, किंवा सासरी जाताना.

खोताच्या अंगणात मांडव होता. लांब मेजावर भाजलेलं डुक्कर, वडे, मटणाची भांडी मांडलेली, आणि माशा फार झाल्या होत्या. म्हणून डुकराच्या परातीवर आणि भांड्यांवर आमची ओढणी पांघरली होती. मधोमध तेलाचा डाग पसरला होता. एका वाढप्याने लोंब्यांच्या काठाला हात पुसला, मी बघितलं.

फिलूने बायचा पदर ओढला. "बाय, आपली..."

तेवढ्यात खोतीणबाई हसत आल्या. "आलीस होय ब्रिजिता! अगं, तुझी जाळी फार कामाला आली बघ. माशांनी नुसता उच्छाद मांडलाय. पोरीने मुंबईची लेस बघितली आणि तीच घेऊन बसली. आणि खरं सांगू, लोंब्या डोक्यावर घेऊन पोर शेतकरीण दिसली असती. वाया नको जायला म्हटलं."

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. आनंदात होत्या.

बाय मेजाशी गेली. ओढणीचा काठ दोन बोटांनी उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. पाहुणे ताटं घेऊन थांबले होते. मग तिने काठ खाली ठेवला. "धुताना गरम पाणी घालू नका," ती म्हणाली, "सूत आखडतं." आणि ती आमच्याबरोबर पंगतीला बसली. तिने सगळं खाल्लं. फिलूच्या तोंडात घास फिरत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाय तिच्याकडे न बघता म्हणाली, "गिळ. जेवायला बोलावलंय."

खोलीवर परत आल्यावर तिने साडी बदलली नाही. डबीतून टाचण्या काढून तोंडात धरल्या आणि फिलूसमोर उभी राहिली.

"डाव्या कोपऱ्यात, मोठ्या लोंबीपाशी, एक फेर चुकलाय. म्हणून त्यांनी नाकारली."

खोतीणबाईंचं लोंब्यांबद्दलचं बोलणं आम्ही आमच्या कानांनी ऐकलं होतं. पण बायच्या खोलीत बाय सांगेल ते खरं होतं, आणि मला वाटलं, असेलही. तिने मघाशी काठ उचलून बघितला तो उगाच का?

"दोन पावसाळे," बाय म्हणाली. "एवढ्या जणींचे दोन पावसाळे, आणि तू एक फेर चुकलीस."

फिलू खाली बसली आणि तिने बायचे पाय धरले. "माजं चुकलं बाय. माजं चुकलं." ती इतकी रडली की तिला श्वास पुरेना. बायने पाय सोडवून घेतले. फिलूच्या उशीवर नवीन काम मांडलेलं होतं, वेदीच्या कापडाची किनार. तिने कात्री घेतली आणि सगळे धागे कापले. "घरी जा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मावशीने फिलूला कल्याणच्या गाडीत बसवलं. ती ठाण्याला परत आली नाही.

बायचा वर्ग पुढेही चालू राहिला, पण पोरी कमी होत गेल्या. मुंबईहून यंत्राची लेस गावोगाव यायला लागली आणि नवे पाद्रीबाबा वेदीलाही तीच लावायचे. बायने पद्धत बदलली नाही. उरलेल्या पोरींना ती टोचत राहिली, कापत राहिली. फरक पडला तो एवढाच की आता ती फिलूचं नाव घ्यायची. "हे फिलूने अर्ध्या वेळात केलं असतं." "फिलूचा पीळ बघायला हवा होतास तू." फिलू समोर असताना तिला एक चांगला शब्द मिळाला नव्हता. मी लग्न होऊन चरईला राहायला गेले, तरी जमेल तेव्हा तिच्याकडे जायचे. दोघी समोरासमोर उशा घेऊन बसायचो. माझी पोरं मला विचारायची की त्या कडक म्हातारीकडे तू का जातेस. आजही पोळी वाकडी लाटली गेली तर मी ती मोडून पुन्हा लाटते. शिवणीत एक टाका सैल दिसला तर झोप येत नाही. घरातले हसतात. हे तिचं देणं की तिचा मार, मला ठरवता आलेलं नाही.

ती आजारी पडली तेव्हा तिच्याजवळ मीच होते. ताप उतरत नव्हता, अंगावरचं मांस झडलं होतं. टाचण्या आता तोंडात नव्हत्या आणि तिचं बोलणं लहान मुलासारखं मोकळं, ओलं ऐकू यायचं. एका सकाळी तिला जरा हुशारी वाटत होती. मी पेज भरवत होते. इतकी वर्षं जे मनात होतं ते मी विचारलं.

"बाय, त्या ओढणीत फिलूचा फेर खरंच चुकला होता?"

तिने पेज गिळली. "नाही."

"मग तसं का सांगितलंत तिला?"

"चूक असती तर बरं झालं असतं. चूक सोडवता येते."

मी वाटी खाली ठेवली. "बोलावून घेऊ तिला? शहाड काही लांब नाही. गाडीने येईल."

"नको." "कसली कामं करत असेल कोण जाणे. हात खराब झाले असतील तिचे. मला बघवणार नाहीत."

त्यानंतरही ती काही दिवस होती, पण शुद्धीत फारशी नव्हती. चादरीवर तिची बोटं सारखी चालायची. गेली तेव्हा तिला पोचवायला आम्ही थोड्याच बाया होतो. शवपेटी ज्या दुकानातून आली त्यांनी आतल्या कापडाला यंत्राची लेस लावून पाठवली होती. आजकाल सगळ्याच पेट्यांना लावतात. काढायला वेळ नव्हता. मी ती कडेने आत दुमडली, तिच्या तोंडाजवळ येऊ नये म्हणून. पाद्रीबाबा घाई करत होते.

मग मी शहाडला गेले. फिलूचा नवरा गवताच्या वखारीत कामाला होता. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांचं घर होतं आणि अंगणात फिलू गवताच्या पेंढ्या बांधत होती. तिने मला ओळखलं, पाणी दिलं, पोरांना बाहेर पिटाळलं. तिचे हात मी बघितले. बायला खरंच बघवले नसते.

"बाय गेली," मी म्हटलं.

तिने छातीवर क्रूस काढला. मग आम्ही उंबऱ्यावर बसलो. मी तिला सगळं सांगितलं. फेर चुकला नव्हता, बायने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर मेलेल्या बाईला शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"मना ठाव व्हतं," फिलू म्हणाली.

"कधीपासून?"

"कदीपासून काय? मीच केलेल्या ना त्या लोंब्या. डोले मिटून सांगल तुला अजून, कुटं काय हाय. येक फेर चुकला नव्हता."

"मग तू तिचे पाय का धरलेस? माझं चुकलं, माझं चुकलं म्हणून एवढी रडलीस ती?"

फिलूने गवताची एक काडी उचलली, बोटांमध्ये पीळ दिला आणि टाकून दिली.

"नक्षी तिची व्हती गो," ती म्हणाली. "सगल्या जन्मात तेवढी येकच तिची व्हती. ती नक्षी लोकांना नको झाली, हे तिनं कसं सोसायचं? कुनाचं तरी चुकायला पायजे व्हतं. मी म्हनलं, माजंच चुकू दे." ती उठली आणि पुन्हा पेंढ्यांकडे गेली. "मी रडली ती मातर माज्यासाटी. मना शिकायचं व्हतं अजून."